अंगदची पिकअप

२ सप्टेंबर, सोमवार

आज पोळा. माझा लेक अंगद जूनमध्ये वारला, त्यामुळे घरात सण नाही. पुरणाचं ताट शेजारच्या गोजरबाईने आणून दिलं. आमच्याकडे बैल कधीच नव्हते, पण अंगद पोळ्याला पिकअप धुऊन, बोनेटवर झूल टाकून, आरशांना गोंडे बांधून बैलांच्या रांगेत मारुतीपुढे उभी करायचा. सगळं वाटूर गाव हसायचं. 'ह्याचा बैल डिझेल पितो' म्हणायचे.

दुपारी बाहेर आले तर सुनेने, शीतलने, गाडीचं बोनेट उघडलेलं. मला वाटलं, पूजा करते की काय. मी ओट्यावरूनच म्हणाले, "शीतल, यंदा सण नाही."

"सण न्हाई आत्या. उंदरानं वायरी कुरतडल्या का ते बघून राह्यले."

गाडी शेडखाली उभी आहे. अंगदला ताप यायच्या आधीच ती गरम होऊन बंद पडली होती. आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं, आणि मग ताप डोक्यात गेला.

सून जेवली का हे मी विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नाही.

मला कोणाजवळ बोलायची सवय नाही. अंगणवाडीत होते तेव्हा पोरांशी बोलायचे, तेवढंच. म्हणून लिहिते.

५ सप्टेंबर, गुरुवार

शीतलचा भाऊ राजानंद घनसावंगीहून आला होता. तिला घेऊन जातो म्हणाला. लेकरूबाळ नाही, नवरा नाही, तर इथे राहून काय करणार, असं त्याचं म्हणणं. माझ्यासमोरच बोलला. त्याचं चूक आहे असं नाही.

शीतल म्हणाली, "दादा, दिवाळीपर्यंत थांब. गाडी चालू झाली तर मी मोसंबीच्या खेपा करते अन् इथंच राहते. न्हाई झाली तर गाडी इकून टाकू अन् मी येते."

"गाडी काय आपोआप चालू होणार का? परतूरचा गॅरेजवाला केवढे मागून राह्यला!"

"गॅरेजवाल्याला द्यायचेच न्हाईत. मी करते."

राजानंद हसला. मीही हसले असते, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग कळलं की तिच्याकडे लायसन्स आहे. अंगदने दोन वर्षांपूर्वी जालन्याला नेऊन काढून दिलं होतं. दोघं जालन्याला कपडे घ्यायला म्हणून गेले होते तेव्हा. मी त्या दिवशी दोघांसाठी बेसन करून ठेवलं होतं.

परतूरचा राधेश्यामशेठ जुन्या गाड्या घेतो. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. माझ्या मते विकलेली बरी. डोळ्यांसमोर नको.

९ सप्टेंबर, सोमवार

अंगदचा निळा शर्ट मी धुऊन, घडी करून माझ्या पेटीत ठेवला होता. आज शीतल तो घालून गाडीखाली गेली. विचारलं तर म्हणाली, "ओढणी फॅनात अडकती आत्या. तुमची पेटी उघडीच होती."

मोबाईलवर कोणी हिंदीत बोलणारा माणूस रेडिएटरचा पाईप कसा काढायचा ते दाखवत होता. ती थांबवून थांबवून बघत होती. मध्येच वाटूर फाट्यावरच्या इजहारला फोन. त्याचं गॅरेज आहे, अंगदचा दोस्त. तो फुकट करून देतो म्हणाला होता, हिनेच नको म्हटलं. फक्त सांगा म्हणाली.

संध्याकाळी शर्टाला काळे डाग. त्याच्या अंगाचा जो थोडा वास होता तो गेला, आता डिझेलचा येतो. खरं म्हणजे तो घरी यायचा तेव्हाही त्याला डिझेलचाच वास यायचा. तरी मला राग आला.

१४ सप्टेंबर, शनिवार

इजहार स्वतः आला होता, कोणतातरी पट्टा घेऊन. मी चहा नेला तर दोघं बोनेटमध्ये डोकी घालून हसत होते. शीतलला जूननंतर हसताना मी पाहिलं नव्हतं.

इजहार म्हणाला, "भाबी, बॅटरीची ती वायर पिळा. अंगदभाई काय म्हणायचा? मावशी रुसली का तिचा कान पिळायचा!"

"अन् उठली का तिला सॉरी म्हणायचं," शीतल म्हणाली.

मी विचारलं, "मावशी कोण?"

"काकू, ही काय, गाडी! तुम्हाला न्हाई माहीत?"

नव्हतं माहीत. मला बहीण नाही, म्हणजे त्याला मावशी नव्हती. तो माझ्याशी बोलायचा ते 'आई, वाढ', 'आई, येतो' एवढंच. मला वाटायचं, त्याचा स्वभावच माझ्यासारखा आहे, कमी बोलणारा. आता दिसतं की तो बोलत होता, भरपूर बोलत होता. गाडीशीसुद्धा बोलत होता.

चहा गार झाला म्हणून परत नेला. गार नव्हता झाला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

गाडी चालू झाली. आधी नुसती खोकली, मग शेडभर काळा धूर, आणि मग तो आवाज. मी चुलीपाशी होते. उठून दारापर्यंत गेले, कारण तो आवाज आला की मी ताट घ्यायचे.

गल्ली गोळा झाली. गोजरबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "बेबीनंदा, सून न्हाई गं, लेक हाय तुझी! अंगदचं नाव राखलं पोरीनं."

मी म्हणाले, "नवी बॅटरी टाकली, म्हणून चालू झाली."

गोजरबाईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसली की काय, कळलं नाही.

माझं चुकलं असेल. पण खरं लिहायचं तर, मला जळल्यासारखं झालं. अंगदचे वडील वारले तेव्हा मी शीतलपेक्षाही लहान होते. त्यांची लूना होती. तेरावं व्हायच्या आत दिरांनी ती मंठ्याला विकली. मी आत बसलेली होते. कोणी नेली, कशी नेली, मी पाहिलंही नाही, फक्त चालू केल्याचा आवाज ऐकला. मला कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुला काय करायचंय. हिला सगळे विचारतात.

२२ सप्टेंबर, रविवार

तिने मागच्या चाकांचे ब्रेक लायनर स्वतः बदलले. पूर्ण दिवस. जेवायला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा नाही मारली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

शीतल सामान आणायला परतूरला गेली होती. मी एकटी होते. शेडमध्ये गेले आणि बोनेट उघडलं. ते कसं उघडायचं ते पाहून पाहून कळलंय, आत एक खिट्टी दाबावी लागते.

आत सगळं काळं आणि गुंतलेलं. पण एक पांढरी छोटी बाटली दिसली, बाहेरून आतलं तेल दिसतं अशी. तिच्यावर वर एक रेघ आणि खाली एक रेघ. तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं. एवढा व्हिडिओ बघणारी, एवढे फोन करणारी, आणि हे तिला दिसलं नाही! फळीवर तेलाचा डबा होता, अर्धा भरलेला. रोज संध्याकाळी अंगदच्या फोटोपुढच्या दिव्यात मी तेल घालते तसंच, हळूहळू, सांडू न देता, वरच्या रेघेपर्यंत भरलं. झाकण घट्ट लावलं, कपड्याने पुसून घेतलं.

गोजरबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "काय करून राह्यली गं?"

"तेल कमी होतं. टाकलं."

"आगं बया! तुलाबी येतं का?"

"त्यात काय यायचंय," मी म्हणाले.

शीतलला सांगितलं नाही. ती बोनेट उघडेल, तिला दिसेल, ती विचारेल की कोणी भरलं. मग सांगेन.

जेवण बऱ्याच दिवसांनी गोड लागलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तिने आज बोनेट उघडलं. बाटलीकडे पाहिलंसुद्धा. काही विचारलं नाही. रिकामं दिसलं असतं तर बोलली असती. भरलेलं कोणाला दिसतं?

३० सप्टेंबर, सोमवार

आज पहिली खेप होती. गावातल्याच एका बागेच्या मोसंबीचे क्रेट लावून शीतल सकाळी जालन्याला गेली. मी 'सावकाश जा' म्हणाले. ती 'हो' म्हणाली. खरं तर मी मनात म्हणत होते की काहीतरी छोटं अडावं, म्हणजे हिला कळेल.

दुपारी यायची ती दिवस मावळताना आली, आणि तीही इजहारच्या जीपमागे दोरी बांधून. येताना ब्रेक जड व्हायला लागले. मग दाबला की सुटेचना. फाट्याजवळ गाडी भर रस्त्यात जागच्या जागी धरून बसली, मागून एसटी येत होती. एसटीवाल्याने कसंतरी स्टेअरिंग फिरवलं आणि खाली उतरून हिला नको ते बोलला. मागच्या चाकांतून धूर निघत होता म्हणे. इजहारने चाकं मोकळी केली, तेव्हा कुठे गाडी ओढता आली.

ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "लायनर मीच चुकीचे बसवले आत्या. माझंच चुकलं."

मी पाणी दिलं. ती प्यायली नाही, तांब्या नुसता धरून बसली.

मला बरं वाटायला पाहिजे होतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

इजहारने चाकं खोलून पाहिली. म्हणाला, लायनर बराबर बसवलेत. मग बोनेट उघडलं आणि त्या पांढऱ्या बाटलीचं झाकण काढलं. मी चहा घेऊन उभी होते. त्याने आत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला.

"भाबी, ह्यात इंजिन ऑईल कोन टाकलं?"

"म्हंजे?"

"हे ब्रेकचं हाय. ह्यात दुसरं तेल पडलं का आतले रबर फुगून बसतात. मंग ब्रेक लागला का सुटत न्हाई. नशीब म्हना, लागूनच बसला. लागलाच नसता तर आपन इथं बोलत नसतो."

शीतलने बाटलीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "मीच टाकलं आसंल, इजहारभाई. मला आठवत न्हाई. माझं डोकंच जागेवर न्हाई हल्ली."

मी कप ठेवले आणि आत आले.

इथे खरं लिहिते. मला आधी एसटी आठवली नाही. आधी हे मनात आलं की आता सगळ्यांना कळेल, मला साधं तेलही घालता येत नाही. एसटी नंतर आठवली. भाकरी करताना आठवली आणि हात थांबला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

शीतलने राधेश्यामशेठला स्वतः फोन केला. माझ्याकडूनच नंबर घेतला. रविवारी येतो म्हणाला. राजानंदलाही रविवारीच बोलावलं.

"मला न्हाई जमणार आत्या. एखाद्याचा जीव जाईल माझ्या हातून."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळपासून तिची बॅग कॉटवर उघडी आहे. गाडी गेली की ती जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, माझ्यासमोरच ठरलं होतं. मी गाडीचंच धरून बसले, दुसरं ऐकलंच नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

नळावर गोजरबाई म्हणाली, "शीतल गाडी इकून राह्यली म्हंतेत. अन् तू त्या दिवशी तेल टाकलं होतं ना? मंग कशी काय बिघडली गं?"

ती साधेपणाने विचारत होती. मी घागर अर्धीच भरून घरी आले.

शीतल साड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातच उभी राहून म्हणाले, "ते तेल तू नाही टाकलं. मी टाकलं."

तिला आधी समजलं नाही. मग साडी हातातून खाली ठेवली.

"तुम्ही?"

"बाटलीत कमी दिसलं."

"मला विचारायचं ना! मी काय परदेशात गेल्ते का? परतूरला गेल्ते!"

"मला वाटलं, तेल ते तेल."

"आत्या, मी मेले असते!" ती ओरडली. या घरात एवढ्या मोठ्याने कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "माझ्या मागं एसटी होती! परवा इजहारभाईनं विचारलं तेव्हा तिथंच उभ्या होत्या तुम्ही. चहा घेऊन! मी म्हणले मीच टाकलं आसंल, तरी तुम्ही गप. दोन दिवस झोपले न्हाई मी. मला वाटलं, मला याड लागलं."

मी दारातून आत आले.

"का पण? कधी पान्याला हात लावला न्हाई, कधी जवळ आल्या न्हाई. त्याच दिवशी काय झालं?"

मी म्हणाले, "मलाही त्याचं काहीतरी करायचं होतं."

तिने बॅग बाजूला सारली. मग कॉटवर बसली आणि रडली. तो गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती, मला वाटायचं तिला गाडी मिळाली म्हणून रडू येत नाही. मी जवळ जाऊन बसले. तिने हात लावू दिला नाही. मी तशीच बसून राहिले.

नाक पुसत म्हणाली, "मंग सांगायचं ना. मी एकटीच मरून राह्यले त्या गाडीखाली. चार पाने हातात द्यायला माणूस न्हाई."

६ ऑक्टोबर, रविवार

राधेश्यामशेठ सकाळीच आला. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली.

मी म्हणाले, "गाडी विकायची नाही."

"आं? मावशी, मला बोलावलंय म्हणून आलो ना. डिझेल जाळून आलो."

"चहा घ्या आणि जा."

राजानंद मध्ये पडला. "काकू, आता तुम्ही तरी अडवू नका. तिचं ठरलंय."

मी म्हणाले, "ब्रेक मी खराब केले. तिने नाही."

शीतल आतून आली. तिचा आवाज बसलेला होता. कालपासून माझ्याशी बोललेली नाही, तेव्हाही माझ्याकडे न बघताच बोलली.

"जायचं का राह्यचं ते मी ठरवीन. दादा, तू न्हाई. अन् आत्या, तुम्हीबी न्हाई." मग म्हणाली, "दादा, भाऊबीजेला येते. दोन दिवस राहीन अन् परत येईन."

राधेश्यामशेठने दोन कप चहा प्यायला.

बॅग अजून कॉटवरच आहे. पण तिने रात्रीच्या भाकरी चार केल्या, माझ्याही दोन.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आतले सगळे रबर बदलावे लागले. इजहारने सामान आणून दिलं, बसवलं तिने. पाईप धुतले, नवं ब्रेक ऑईल भरलं. मग पाईपांत अडकलेली हवा काढायची असते. ते एकट्या माणसाला होत नाही. एकाने वर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने खाली झोपून चाकामागचा नट सैल करायचा आणि परत आवळायचा.

इजहार येणार होता, आला नाही. त्याच्या लेकीला, अंबरीनला, ताप होता.

शीतल शेडमधून म्हणाली, "आत्या, या."

पाच दिवसांनी मला हाक मारली.

ड्रायव्हरच्या सीटवर मी आधी कधी बसले नव्हते. पाय पुरेना, पाठीमागे गोधडी घ्यावी लागली. ती गाडीखाली गेली, फक्त चपला दिसत होत्या.

"मधला ब्रेक हाय. दाबा. दाबा, सोडा, दाबा, सोडा. आता दाबून धरा. मी म्हणेस्तोवर पाय काढायचा न्हाई."

मी धरून बसले. खाली कुठेतरी सुस्स आवाज आला आणि पाय आपोआप खाली गेला. मी घाबरून ओरडले, "गेला! गेला!"

"जाऊ द्या, तसाच जातो. काढू नका! ... हां, आवळला. आता सोडा."

चारही चाकं केली. मध्ये एकदा मी चुकून आधीच पाय काढला, तर ती खालून म्हणाली, "आत्या, पुन्हा पहिल्यापासून! हवा परत आत गेली. तुमचं ध्यान कुठं हाय?"

माझं ध्यान पायाखालच्या ब्रेकच्या पट्टीवरच्या रबराकडे होतं. ते उजव्या कोपऱ्यात झिजून गुळगुळीत झालंय, अंगठ्याएवढं. अंगदचा पाय तिथे पडत असणार. गाडीखालून ते दिसत नाही. शीतलला माहीत असेल की नाही, कोण जाणे. मी सांगितलं नाही. ते मी माझ्याकडे ठेवलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सण नाही. शीतलने रिकामी गाडी मंठा रस्त्याने नेऊन आणली. ब्रेक लागतात आणि सुटतात. मी फाटकापाशी उभी राहून मिनिटं मोजत नव्हते, पण उभी होते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

तीन खेपा झाल्या. आजच्या खेपेला मीही गेले. क्रेट मोजायला दुसरं माणूस लागतं, असं शीतल म्हणाली. मार्केटमधल्या आडत्याने विचारलं, "बाई, गाडी कोनाकडून करून घेतली? आवाज चांगला हाय."

शीतल म्हणाली, "घरीच केली."

"तुम्ही?"

"आम्ही," मी म्हणाले. ब्रेक मी दाबले होते, ते खोटं नाही.

शीतलने माझ्याकडे पाहिलं. "बिघडवलीबी आम्हीच," ती आडत्याला म्हणाली, आणि हसली. तो काही समजला नाही.

येताना ती गाडीशी हळू काहीतरी बोलली, चढावर. काय ते मला ऐकू आलं नाही. पूर्वी मनाला लागलं असतं. आजही थोडं लागलं. मग मी विचारलं, "काय म्हणालीस तिला?" तर म्हणाली, "मावशी, दमानं घे, पुढं आत्या बसलीय."

घरी आलो तर गोजरबाई पिशवी घेऊन रस्त्यावरच उभी. "शीतल, सोमवारी परतूरला सोड ना मला. पुढंच बसते बाई, मागं धूळ लई लागती."

शीतल म्हणाली, "बसा की गोजरमावशी, पुढं तिघी मावतो."

मावतो, खरं आहे. गोजरबाई आणि तिची पिशवी दोन्ही मावतील एवढी जागा आहे. पण मी आत सरकले नाही. गोजरबाईला सांगितलं की पुढे क्रेट तोलायचा काटा ठेवायचा असतो, तू मागेच बस, गोधडी देते.

गोजरबाई म्हणाली, "आगं, गाडी तुझी हाय का शीतलची?"

मी गाडीचं दार लावून घेतलं.